पाठीखालचा हात

"पीठ के नीचे हाथ कौन देता है?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि नूपुर म्हणाली, "आई." बाई बंगाली. त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. मग नूपुरनं त्यांच्यासाठी सांगितलं, "मा." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, कीव नव्हती. खिडकी लावलेली आहे ना हे बघावं तसं त्यांनी मला बघून घेतलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. मी माझे हात बघितले. ते मांडीवर, एमआरआयच्या मोठ्या पाकिटावर एकावर एक ठेवलेले होते, एखाद्या सालस बाईचे असावेत तसे. सकाळी आभाला, माझ्या अकरा महिन्यांच्या धाकटीला, तेल लावलं होतं. त्याचा ओवा-लसणाचा वास अजून बोटांच्या बेचक्यांत होता. एरवी हा वास मला आवडतो. त्या क्षणी तो नाकातून घशात उतरला आणि मला वाटलं, आता मी इथे, या स्वच्छ टेबलावर, ओकणार.

ओकले नाही. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकानं नूपुरचा कणा दाखवला. काळ्या पाण्यात काहीतरी बुडालेलं असावं तसा तो दिसत होता, एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांचा, खाली किंचित वळलेला. कमरेचा पाचवा मणका. त्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो म्हणे, दोन्हीकडे एकेक. डावीकडच्या पुलाला तडा गेला होता. उजवीकडे अजून गेला नव्हता, पण तिथे पांढरं धुकं होतं, म्हणजे सूज, म्हणजे तयारी चालू होती. "पडली-बिडली नाही ना कधी?" त्यांनी हिंदीत विचारलं. नाही. पडली नाही, कुणी ढकललं नाही, अपघात नाही. अकरा वर्षांच्या मुलीचं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. ते रोज एकाच जागी, एकाच दिशेनं वाकवायचं. ते बिचारं स्वतःला सांधायला घेतं. सांधून होण्याआधी आपण पुन्हा वाकवतो. असं वर्ष-दीड वर्ष. मला याचीच शिसारी आली, की याला तारीख नव्हती. त्या दिवशी असं झालं म्हणून रडावं असा एकही दिवस नव्हता. सगळे दिवस चांगले होते, कौतुकाचे होते. उजवा पूलही गेला तर मणका पुढे घसरू शकतो, बाई म्हणाल्या. तीन महिने पाठ मागे वाकवायची नाही. एकदाही नाही. घरी गंमत म्हणूनसुद्धा नाही. शनिवारी पाठीचा पट्टा, ब्रेस, मिळेल, तो दिवसभर घालायचा. नूपुरनं फक्त एवढंच विचारलं, की डिसेंबरमध्ये आसनांची नॅशनल स्पर्धा आहे. "इस साल नहीं," बाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात: हिच्यावर चोवीस तास कुणी पहारा देऊ शकणार नाही. हिलाच थांबावंसं वाटलं पाहिजे. ते तुम्ही बघा.

परत येताना गाडी फोर्ट विल्यमच्या बाजूनं आली. मैदानावर नोव्हेंबरचं पिवळट ऊन, फुटबॉल खेळणारी पोरं, आणि मला सगळीकडे पाठी दिसत होत्या. ड्रायव्हरची पाठ, सिग्नलवरच्या पोलिसाची घामाने चिकटलेल्या शर्टातली पाठ, डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसाची पाठ. शर्टाच्या आत, कातड्याच्या आत, सगळ्यांना ते ठोकळे होते आणि ते अरुंद पूल होते, आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. नूपुर काचेला डोकं लावून बसली होती, पण पाठ ताठ. तिला वाकून बसताच येत नाही, इतकं तिला आम्ही सरळ केलेलं आहे. तिच्या कानामागे एक बट सुटली होती. मी ती सारखी करायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले. तो हात मला पुढे तरंगताना दिसला, फुगलेला, मऊ, अंगठी रुतलेला. मी तो मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. नूपुरनं काचेत ते बघितलं असावं. 

आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. माझा नवरा उन्मेष रेल्वेत, सिग्नल खात्यात; बदली झाली, गार्डन रीचला नदीजवळ क्वार्टर मिळालं, मोठं, उंच छताचं, शिपयार्डचा भोंगा ऐकू येणारं. सहा महिन्यांत पोरगी शाळेत हिंदी, खाली खेळताना बंगाली आणि स्वप्नात कुठली कोण जाणे, पण मराठी नव्हे, अशी बोलायला लागली. मला ते लागायचं. नाशिकला फोन लावला की सासूबाई म्हणायच्या, "अगं, ती मला 'आजी, तू कसा आहेस' म्हणते, मी काय आजोबा आहे?" त्या हसायच्या. मीही हसायची, आणि फोन ठेवल्यावर मला उगाचच रडू यायचं. मग खिदिरपूरच्या एका व्यायाम समितीत तिला घातलं. इथे पाड्यापाड्यात, म्हणजे गल्लोगल्ली, अशा समित्या आहेत. लाकडी दार, आत चटया, भिंतीवर छाती फुगवलेल्या जुन्या पुरुषांचे फोटो, आणि संध्याकाळी आसनांच्या स्पर्धेसाठी तयार होणाऱ्या तीसचाळीस मुली. शिकवणाऱ्या शिउलीदी. पन्नाशीच्या, काटक, कायम कॉटनची साडी खोचलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी नूपुरला मागे वाकवून बघितलं आणि माझ्याकडे बघून जीभ टाळूला लावून आवाज काढला. "बौदी, एकदोम माखोन!" म्हणजे, वहिनी, अगदी लोणी. माझ्या मुलीचं अंग लोणी आहे असं एक परकी बाई म्हणाली आणि मला धन्य वाटलं. मी ते उन्मेषला सांगितलं, नाशिकला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असणारच. चाळीस दिवस मी स्वतः चोळलंय तिला." प्रत्येकीला त्या लोण्यातला आपला वाटा हवा होता.

घरी कसं करून घ्यायचं ते शिउलीदींनी आयांना शिकवलं होतं. चक्रासनात मुलगी वर गेली की पाठीखाली, कमरेच्या खोलगट जागेत, तळहात लावायचा आणि वर उचलून धरायचं, म्हणजे कमान आणखी गोल होते. तीस सेकंद. पुढे साठ. घड्याळ लावा, त्या म्हणाल्या होत्या. घड्याळ न लावण्याची कल्पना माझी. मला वाटलं, एवीतेवी मोजायचंच आहे तर मराठीत मोजू या. तेवढेच आकडे पाठ होतील. आणि झाले. आमच्याकडे बाराखडी कधी धड झाली नाही, पण आकडे कमानीत झाले. ती उलटी, केस जमिनीवर लोंबणारे, चेहरा लाल, आणि त्या उलट्या तोंडातून: सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. चुकली की मागच्या दशकापासून पुन्हा. हा नियमही माझाच. एकोणचाळीसला ती उनचालीस म्हणायची. "काय?" "उनचालीस." "पुन्हा. एकतीसपासून." की ती पुन्हा एकतीसपासून. माझा हात खाली, तिची पाठ वर, आम्ही दोघी हसायचोसुद्धा. कधी कधी साठाला पोचेपर्यंत तीन मिनिटं व्हायची. मग साठाचे शंभर केले. शंभरात एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, किती खाचखळगे. मी हे कौतुकानं लोकांना सांगायची. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला सांगितलं, तर एक बाई म्हणाली, "किती छान युक्ती आहे हो, एका दगडात दोन पक्षी!" आता तो दगड कुठे लागला ते मी पडद्यावर बघून आले होते.

आठवायला लागलं की सगळं नासलेल्या दुधासारखं वर येतं. समितीतल्या चटयांचा वास, पायांचा घाम, कुबट कापूस आणि दुखण्यावर मारायच्या स्प्रेचा कापूर. भिंतीला पाठ लावून बसलेल्या आम्ही आया, मांडीवर डबे, डब्यांत उकडलेली अंडी, सोललेली डाळिंबं. खाटकाच्या दुकानासमोर रांगेत बसावं तशा आम्ही तिथे बसायचो आणि एकमेकींच्या मुलींच्या कमरा डोळ्यांनी चाचपायचो. "तोमार मेयेर कोमोर टा देखो!" म्हणजे तुझ्या मुलीची कंबर बघ जरा. स्पर्धेत टेबलामागे बसलेले परीक्षक, पोट सुटलेले, स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येणार नाही असे, पेन्सिल चावत माझ्या मुलीकडे बघायचे. हनुवटी जमिनीवर, छाती जमिनीवर, आणि पाय मागून वळून डोक्यावरून पुढे येऊन गालांच्या दोन्ही बाजूंना टेकलेले. त्या पायांच्या मधोमध तिचा हसरा चेहरा. हसू आलं नाही तर गुण कापतात. तो फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. एका आतेसासूबाईंनी लिहिलं होतं, "अगं बाई, हाडं आहेत की नाहीत हिला!" आणि खाली हसणारे सात-आठ चेहरे. मीही एक हसणारा चेहरा टाकला होता.

पाठ दुखते असं तिनं मला पहिल्यांदा कधी सांगितलं ते मला पक्कं आठवतं, कारण मी तेव्हा आभाला पाजत होते. आभा दोन महिन्यांची होती, माझे टाके अजून ओढायचे, आणि मला स्वतःच्या अंगाचा, दुधाच्या आंबूस वासाचा, सतत ओल्या ब्लाउजचा वीट आला होता. नूपुर दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझा पाठ दुखतो." मी म्हणाले, "माझा नाही, माझी. माझी पाठ दुखते." ती म्हणाली, "माझी पाठ दुखते." मी म्हणाले, "शाब्बास." आणि आभाला दुसऱ्या बाजूला घेतलं. एवढंच. पुढे ती पुन्हा म्हणाली, दोनदा, तीनदा, बरोबर म्हणाली. मी तेल चोळलं, शेक दिला. वाढीचं दुखणं असेल असं ठरवलं. राज्याच्या निवडीच्या दिवशी सकाळी तिला मोजे घालताना वाकता येईना, तेव्हा माझ्या बाळंतपणातल्या उरलेल्या गोळ्यांतली अर्धी मी शिऱ्यात कुस्करून दिली, कारण तिला गोळी गिळता येत नाही. ती दुसरी आली. बक्षीस घेताना तिला पुन्हा वाकायला सांगितलं, फोटोसाठी. ती वाकली. मी टाळ्या वाजवल्या. याच हातांनी.

संध्याकाळी उन्मेष आला, त्यानं रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा, जो सहसा कशानं बदलत नाही, मानेपासून वर लाल होत गेला. "ती बाई मुलींच्या पाठीवर बसते, मी स्वतः बघितलंय," तो म्हणाला. "पोरं आहेत की सतरंज्या? मी लेखी तक्रार करणार. बंद करायला लावतो ते दुकान." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं असतं तर तेव्हाच म्हणता आलं असतं. शिउलीदी आठवड्यातून चार दिवस, चाळीस मुलींमध्ये, नूपुरच्या वाट्याला पाच मिनिटं. मी रोज, एकटी, हातानं. पण मी पोळी उलटली. नूपुर टेबलाशी बसून आमच्या दोघांकडे बघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिनं मला वाचवलं याचीही मला किळस आली, अकरा वर्षांच्या पोरीनं आईला पाठीशी घालावं याची. सासूबाईंचा फोन आला. "मेलं कुठलं ते नाचकाम," त्या म्हणाल्या, "आणि तू काय करत होतीस गं?" आणि लगेच, माझं उत्तर नको असल्यासारखं, "जाऊ दे, धाकटीच्या मागे तुला तरी कुठे वेळ." वेळ होता. रोज बरोबर शंभर आकड्यांचा वेळ होता. आभा झाल्यापासून दिवसातला तेवढाच वेळ मी नूपुरला दिला होता.

त्यानंतर चार दिवस मी तिला हात लावला नाही. ठरवलं नव्हतं, पण होत नव्हतं. वेणी घालायची तर मी म्हणाले, आज पोनी बांध तुझी तू. आंघोळीनंतर पाठ पुसायची असते, ती कुणीच पुसली नाही. फ्रॉकवर ओला डाग दिसायचा, बरोबर त्या मणक्याच्या जागी, आणि मी नजर फिरवायची. आभाला तेल लावायला घेतलं की तिची ती एवढीशी पाठ, कणा नसल्यासारखी, पिकलेल्या केळ्यासारखी, माझ्या तळव्यात मावायची आणि मी हात काढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मी कामाच्या मासींना सांगितलं, तुम्ही लावा. त्या खूश झाल्या, गाणं म्हणत लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, नखांत घासणी घातली. वास गेला नाही. तो हातांना नव्हताच बहुतेक. नूपुर या चार दिवसांत शाळेत गेली नाही, फारसं जेवली नाही. ब्रेस यायचा होता. ती खोलीत पडून छताकडे बघायची. मी दारातून विचारायची, "दुखतंय?" ती म्हणायची, "नाही." मी विचारायची, "वाकत नाहीस ना?" ती म्हणायची, "नाही." बाईंचं वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं, की हिलाच थांबावंसं वाटलं पाहिजे, आणि मला कळत नव्हतं की जिला मी सहा वर्षं फक्त पुन्हा, पुन्हा म्हटलं, तिला थांब हे मी कुठल्या तोंडानं सांगू.

शुक्रवारी दुपारी शिउलीदी आल्या. आभा पाळण्यात झोपली होती, उन्मेष ऑफिसात. दारात चपला काढल्या, हातात नॅशनलचा फॉर्म आणि संदेश मिठाईचा पुडा. मला वाटलं होतं त्या दिसल्या की मला त्यांचा राग येईल, बरं वाटेल. पण त्या थकलेल्या दिसत होत्या, आणि पाण्याचा ग्लास घेतल्यावर त्यांनी कमरेला हात लावून हळूच टेकलं. त्यांचीही पाठ. "कब से?" मी विचारलं. "अरे, बारह साल की थी तब से," त्या हसल्या. "किसको नहीं है? हम लोग का तो ऐसे ही चलता है, बौदी." मग फॉर्म पुढे सरकवला. पालकांनी सही करायची होती, की मुलगी तंदुरुस्त आहे. थोडंसं चिरलंय फक्त, त्या म्हणाल्या, तुटलेलं नाही. मुलांचं हाड, जुडून जाईल. डिसेंबर झाला की सहा महिने आराम देऊ. त्या मनापासून बोलत होत्या. नूपुरसारखी मुलगी त्यांना वीस वर्षांत मिळाली नव्हती. मी म्हणाले, "नहीं होगा, दीदी." त्या म्हणाल्या, "एक बार उसको पूछिए." मी म्हणाले, "वो बच्ची है." "हाँ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, "लेकिन आप रोज़ उसको सौ तक करवाती थीं। मैंने तो साठ बोला था." त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. कौतुक होतं. एका कारागिरानं दुसऱ्याचं करावं तसं.

आणि तेव्हा आतून आवाज आला. आधी मला वाटलं ती फोनवर बोलतेय. मग ऐकू आलं. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. दार बंद होतं. आवाज दबलेला, उलट्या गळ्यातून येणारा, मला सहा वर्षं ओळखीचा. एकोणसाठ, साठ. मी उठले. पाच पावलांवर दार होतं. मी दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले, आणि उघडलं नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी ऐकत राहिले. एकोणसत्तर, न अडखळता. एकोणऐंशी, न अडखळता. जिथे जिथे ती रोज पडायची तिथून ती स्वच्छ, गुळगुळीत पुढे जात होती, आणि माझ्या आत कुठेतरी एक ओंगळ, तृप्त प्राणी अंग ताणून जागा झाला होता आणि तिच्याबरोबर ओठ हलवत होता. एकोणनव्वद. नव्व्याण्णव. शंभर. ती थांबली नाही. एकशे एक. एकशे दोन. एकशे चारला आवाज तुटला, आणि नुसता श्वास यायला लागला, आणि मी मनात पुढे मोजत होते.

मग मी दार ढकललं. ती खोलीच्या मधोमध, चटईसुद्धा नाही, उघड्या फरशीवर, कमान करून, केस जमिनीवर, आणि दंड थरथरत होते. डोळे मिटलेले. ओरडले असते तर ती कोसळली असती. मी गुडघ्यांवर बसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा हात पुढे केला. त्याच जागी, दुसरी जागा नव्हतीच. ओल्या, गरम, थडथड उडणाऱ्या पाठीखाली. वर उचलायला नाही. तरी हाताला दुसरं काही येत नव्हतं, तो आपोआप वर दाबायला निघाला, मला तो दुसऱ्या हातानं धरावा लागला. "हनुवटी आत घे," मी म्हणाले. "आता खाली. हळू. माझ्या हातावर ये." ती आली. एकेक ठोकळा, वरून खालपर्यंत. तिच्या चेहऱ्यावरून पाणी कपाळाकडे वाहत गेलं होतं.

"वेडी आहेस का तू?" मी म्हणाले. "मोडेल ना पाठ! कळत नाही तुला?"

"कळतो."

"मग?"

ती छताकडे बघत होती. "तू ऐकला?"

"ऐकलं. सगळं बरोबर होतं. कधी पाठ केलंस हे?"

"मला येतं सगळं. केव्हापासून. थर्डमध्ये होते ना, तेव्हापासून."

"मग रोज चुकायचीस ती?"

नूपुरनं खांदे उडवायचा प्रयत्न केला, पण पडल्या पडल्या ते जमलं नाही. "शंभर झालं की तू जायची ना," ती म्हणाली. "आभाकडे."

मला वाटलं होतं किळसेला तळ असतो, आणि तो मी मंगळवारी डॉक्टरांच्या टेबलाशी बघितला आहे. म्हणजे ती तिथे, त्या कमानीत, दुखत असताना, मुद्दाम एकोणनव्वदला पाय अडकवून घ्यायची, की मी पुन्हा म्हणावं, की हात तिथेच राहावा. आणि मी त्या हातानं वर दाबत होते. आम्ही दोघींनी मिळून ते हाड घासलं होतं, ती प्रेमानं आणि मी प्रेमानं, रोज थोडं थोडं. आणि आज चार दिवस हात मिळाला नाही म्हणून तिनं मला बोलवायची तिला येणारी एकच रीत वापरली होती.

दारात सावली पडली. शिउलीदी उभ्या होत्या, हातात फॉर्म तसाच. त्यांनी आकडे ऐकले होते, पण मराठी आकडे त्यांना कळत नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते आणि त्यांना ते लपवता येत नव्हतं. "बाबा रे," त्या हळूच म्हणाल्या. "हाथ के बिना? अकेली?" मग, दुसरं काही सुचलंच नाही म्हणून, किंवा तीस वर्षं दुसरं काही विचारलंच नाही म्हणून, त्यांनी विचारलं, "कितना हुआ, बौदी?"

नूपुरनं मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. तिलाही हवा होता तो आकडा. त्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि तिघींनाही तो हवा होता, आणि मला तो माहीत होता. तिचा आवाज तुटल्यानंतरचे तेराही धरून, मला तो बरोबर माहीत होता; तो माझ्या जिभेवर, दातांच्या मागे, गोड, ओलसर, जिवंत होऊन बसला होता.

"मोजलं नाही मी," मी म्हणाले. शिउलीदींना नाही. तिला.

ती बघत राहिली. तिला खोटं कळतं माझं, लहानपणापासून. बाहेर पाळण्यात आभा जागी झाली, आधी कुरकुर, मग रडणं. नूपुरच्या पाठीचे स्नायू माझ्या तळव्यावर ताठ झाले. तिनं मला जायला जागा करून द्यायला कंबर किंचित उचलली. "नको," मी म्हणाले. "ठेव खाली." आणि वर न बघता, "दीदी, उसको ज़रा उठा लीजिए." शिउलीदींची पावलं गेली, मग पाळण्याची करकर आणि त्यांचं बंगाली गुणगुणणं ऐकू आलं. आभा त्यांना ओळखत नाही. ती आणखीच जोरात रडू लागली. मी उठले नाही. माझी बोटं फरशी आणि तिच्या हाडांच्या मधे चेंगरली होती. बऱ्याच वेळानं, मला वाटलं त्याहून खूप वेळानं, नूपुरनं श्वास सोडला आणि पाठीचं सगळं वजन, सपाट, माझ्या हातावर सोडून दिलं.